भार्गवीची लांबलेली रजा

"वाजवणार घटकाभर आणि कान पिळणार सकाळभर," पहिल्या बाकावर बसलेल्या सासूबाई शालीत पुटपुटल्या.

भार्गवीला ऐकू गेलं. तारा जुळवताना कानाला सगळंच ऐकू जातं. पियानोच्या आधीचं ते जुनं तारवाद्य, हार्पसिकॉर्ड; त्याच्या खुंटीवरची किल्ली तिने केसभर फिरवली. आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या या छोट्या चर्चमध्ये दुपारी तिचा कार्यक्रम होता आणि जुनं बरोक संगीत वाजवणाऱ्या डब्लिनच्या एका वाद्यवृंदाची संचालिका ऐकायला येणार होती. पसंत पडली तर हंगामभर काम. पंचेचाळिशीला टेकल्यावर असं कोण पुन्हा विचारणार होतं?

एप्रिलमध्ये तिने कारखान्यातली नोकरी सोडली होती. घरात मात्र त्याला रजा म्हणत. ठरवलं कुणीच नव्हतं; तिचा नवरा आशिष एकदा फोनवर तसं बोलून गेला आणि मग ती रजा वाढतच गेली.

तारा जुळल्या. भार्गवी साडी नेसायला आत गेली. परत येते तो काय, चर्चमध्ये छान ऊब. ती तशीच वाद्याकडे धावली.

"मीच सांगितलं चर्च सांभाळणाऱ्या त्या डेक्लनला," सासूबाई खुशीत म्हणाल्या. "हात चोळून दाखवले, तो 'ग्रँड' म्हणाला आणि लावलं हीटिंग. तुझी बोटं गारठली होती गं."

भार्गवीने एक पट्टी दाबली. मग दुसरी. उबेने तारा सैलावून सगळे सूर खाली आले होते.

सासूबाईंचा चेहरा पडला. "माझ्यामुळे?"

"हीटिंगमुळे, आई. आता मात्र बंद करू नको म्हणावं त्याला, नाहीतर परत चढतील." तिने पदर खोचला आणि पहिल्या तारेपासून सुरुवात केली.

लोक येऊ लागले. डब्लिनची बाईही येऊन बसली. आशिष जवळ येऊन कुजबुजला, "आटप ना जरा. सगळे बघतायत."

"बघू देत. बेसूर नाही वाजवणार मी."

तेवढ्यात आशिषच्या ऑफिसातली स्वानंदी सासूबाईंशेजारी टेकली. "काकू, वहिनींच्या हौसेची कमाल आहे हं. रजा अजून चालूच का?"

आशिष कार्यक्रमपत्रिका वाचू लागला. भार्गवीची किल्ली थांबली.

"रजा कसली," सासूबाई म्हणाल्या, मागच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "नोकरी सोडली तिने. हेच काम आहे तिचं. आणि आता जरा गप्प बस, तिला ऐकू यायला हवं."