धरलेली जागा

आईला रांगेत उभं राहायला आवडतं, असं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला चार शब्द सुनावले असते. आवडतं कुणाला? पण तिला ते जमायचं, आणि जे जमतं त्याचा माणसाला अभिमान असतोच. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला उभं राहून तिची उमर गेली होती, त्यामुळे पाय दुखतात ही तक्रार तिनं कधीच सोडून दिली होती. दवाखाना असो, शाळेचा प्रवेश असो, घरातलं कुणी डोळे उघडायच्या आत ती जाऊन जागा धरायची. पुढच्याला सांगायची, मागच्याला सांगायची, "आमची माणसं येतायत हं मागून." तेवढ्यात त्या दोघांच्या घरच्या सगळ्या भानगडीही तिला कळलेल्या असायच्या. मग मंडळी आरामात चहा पिऊन आली की लांबूनच हात वर करून ओरडायची, "इकडे! इकडे ये गं! जागा धरलीय!"

लेकीला तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. अख्खी रांग वळून बघायची आणि पोरगी बुटांकडे बघत आईपर्यंत पोचायची. मोठेपणी आपण असलं काही करायचं नाही, हे तिनं फार लवकर ठरवून टाकलं होतं.

आता ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची, आणि नणंद राहायला आली होती. नणंद स्वभावानं वाईट नव्हती. तिला फक्त सगळ्यातलं सगळं कळायचं, आणि कळलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. मोठमोठ्या पाळण्यांच्या पार्कला जायचं ठरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उन्हात ताटकळायचं असेल तर मी आपली घरीच बरी." झालं. लेकीनं त्याच संध्याकाळी झटपट पास काढायला घेतले. हा पास असला की प्रत्येक खेळाला वेगळं दार, वेगळा जिना आणि थेट पुढे. पास महाग होते, पण नणंदेपुढे नाक राहण्याचा प्रश्न होता.

फोनवर पासासाठी माणसांची नावं विचारली. तिनं भरली: स्वतः, नवरा, मुलगी चिंगी, नणंद.

"आणि आई?" नवऱ्यानं विचारलं.

"आई कशात बसणार? तिला चक्कर येते."

आईला कधी चक्कर आलेली कुणी पाहिली नव्हती. आईला कुणी विचारलंही नव्हतं. पण नवरा बिचारा दोन बायकांमध्ये पडणारा नव्हता. त्यानं मान डोलावली आणि विषय मिटला.

पार्कच्या दाराशी सगळ्यांच्या मनगटाला नारिंगी पट्टा बांधला, आईच्या मनगटाला पांढरा.

"माझा पांढरा का गं?"

"ज्येष्ठांचा पांढरा असतो, आई."

खोटं बोलायला वेळ असा लागलाच नाही. आईनं मनगट फिरवून पट्टा बघितला आणि खूश होऊन म्हणाली, "बघा, वयाला मान आहे इथं." लेक पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिली.

मग खेळात फोन पडतात म्हणून सगळ्यांचे फोन आईच्या पिशवीत गेले. पाण्याच्या बाटल्या गेल्या, चिंगीचे जास्तीचे कपडे गेले, नणंदेची शाल गेली. आईला कारंज्याजवळच्या बाकावर बसवून लेक म्हणाली, "तू इथंच बस हं. आम्ही येतोच जाऊन." आणि चिंगी पळता पळता ओरडली, "आजी, सगळ्यात शेवटी ती मोठ्ठी नाव!"

आता आई काय बाकावर बसून राहणारी बाई आहे? थोडा वेळ तिनं कारंजं बघितलं. कारंज्यात बघण्यासारखं असतं तरी किती! मग उठून त्या मोठ्या नावेची चौकशी केली. नाव उंच चढायची आणि धाडकन पाण्यात कोसळायची. तिची रांग कठड्या-कठड्यांमधून वळसे घेत पार बाहेरच्या झाडापर्यंत आली होती. आईला आपली माणसं आठवली. दमून भागून येतील, कडेवर लेकरू असेल, आणि एवढ्या उन्हात उभी राहतील? झटपट पास म्हणजे काय ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर तुला एकटीला काढला नाही हेही सांगावं लागलं असतं. आईनं पिशव्या दोन्ही खांद्यांना अडकवल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

इकडे नारिंगी पट्ट्यांचा दिवस झकास चालला होता. जिथं जातील तिथं पट्टा यंत्राला लावायचा, टुंई व्हायचं आणि दार उघडायचं. बाजूला माणसं घामाघूम उभी असायची, त्यांच्याकडे पाहिलं नाही की झालं. पहिल्या खेळाला लेकीनं पाहिलं होतं. एका बाईनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं मानच फिरवली. नंतर ती शिकली. नणंद मात्र उघड खूश होती. "मान गए हं तुला," ती म्हणाली, आणि लेकीला दिवसाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मध्येच चौघांनी गार ठिकाणी बसून पोटभर खाल्लं. आईसाठी काहीतरी बांधून घेऊ, असं लेकीच्या मनात आलं होतं. पण चिंगीनं नावेचा हट्ट धरला, आणि ते राहून गेलं.

नावेच्या पासवाल्यांचा जिना सरळ वर जात होता. वर एका फळीवर दोन्ही रांगा एकत्र येत होत्या आणि मध्ये साखळी धरून एक दांडगा माणूस उभा होता. पासवाले आले की तो साध्या रांगेपुढे साखळी लावायचा, पासवाले संपले की काढायचा. नवरा चिंगीला खांद्यावर घेऊन नणंदेबरोबर पुढे गेला. पुढची जागा मिळवायची म्हणून चिंगी त्याचे कान ओढत होती. लेक सगळ्यात मागे होती.

साखळीपलीकडे गलका चालला होता.

"अहो, तुम्ही जा नाहीतर बाजूला व्हा! तोंडाशीच काय उभ्या राहिलात?"

"मी बाजूलाच आहे की. तुम्ही जा पुढे. माझी माणसं येतायत."

"मघापासून ऐकतोय तुमची माणसं!"

"ओ दादा, असू द्या हो," एक टोपीवाली बाई मध्ये पडली. "म्हाताऱ्या आहेत. येतील त्यांची माणसं. लहान मूल आहे म्हणाल्यात त्या बरोबर."

आवाज ओळखायला लेकीला वर बघायची गरज नव्हती. तरी तिनं बघितलं. आई कठड्याला पाठ लावून उभी होती, दोन्ही खांद्यांना पिशव्या, शालीचं टोक बाहेर लोंबतंय, तोंड उन्हानं लाल झालेलं. माणसांना पुढे सोडत सोडत तिनं तोंडाशीच आपली जागा धरून ठेवली होती. आईचीही नजर तिच्यावर पडली. चेहरा असा उजळला आणि हात वर निघाला, तोच, तस्साच.

आणि लेकीनं खाली बुटांकडे बघितलं.

फार वेळ नाही, हात खाली यायला लागतो तेवढाच. पुन्हा वर बघितलं तेव्हा आईचा हात पिशवीच्या पट्ट्यावर होता आणि आई तिच्या मनगटाकडे बघत होती. मग स्वतःच्या. नारिंगी, पांढरा. आई शाळेत फार शिकली नसेल, पण डोक्यानं मंद नव्हती.

साखळीवाल्याला मात्र आता कंटाळा आला होता. "आजी, बास झालं. ही आहेत का तुमची माणसं? या बाई?"

लेकीचं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, हो म्हणायचं तिच्या मनात होतं. पण मग ही सगळी रांग, हा मघाचा गलका, ती टोपीवाली, सगळ्यांनी मिळून तिच्याकडे बघितलं असतं. म्हातारी आई उन्हात आणि हिच्या हाताला नारिंगी पट्टा.

"छे," आई म्हणाली. "या नाहीत. माझी मागून येतायत."

"चला मॅडम, बसा," साखळीवाला म्हणाला, आणि लेक जाऊन नावेत बसली.

नाव वर चढली, कोसळली, पाणी उडालं. चिंगी किंचाळली, नणंद किंचाळली. लेकीला त्यातलं काही कळलं नाही. खाली उतरल्यावर फोटोच्या दुकानात नणंद फोटो निवडत बसली. नवऱ्यानं विचारलं, "काय गं, तोंड का उतरलंय?" ती म्हणाली, "आईला बघून येते," आणि जवळजवळ पळतच बाहेर आली.

बाहेरच्या जिन्यावरून आई एकेक पायरी उतरत होती. टोपीवालीनं तिचा दंड धरला होता आणि एक पिशवी स्वतःच्या खांद्याला घेतली होती. पोरांना नवऱ्याबरोबर नावेत धाडून, स्वतःची पाळी सोडून ती बाई आईला घेऊन खाली आली होती.

"अहो ताई!" लेकीला बघताच तिनं हाक मारली. "मघाशी आमच्यापुढून गेलात त्या तुम्हीच ना? देवासारख्या भेटलात. या आजींची माणसं काही येईनात. फोन लावला तर यांच्याच पिशवीत वाजतोय. तिकडं हरवलेल्यांची कचेरी आहे, पण तिथंही हीऽ रांग. तुमच्याकडे तो पास आहे ना? तुम्हाला सोडतील पुढे. जरा चला यांच्याबरोबर."

लेकीनं आईकडे बघितलं. आईनं मान इतकी बारीक हलवली की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. नको. बोलू नकोस.

नणंद तिथं नव्हती. नवरा नव्हता. एक अनोळखी बाई, उद्या रस्त्यात भेटली तरी ओळखणार नाही अशी, आणि तिच्यासमोरसुद्धा लेकीला ही माझी आई असं म्हणवेना.

"हो, चला," ती म्हणाली. "नेते मी."

तिनं आईचा दुसरा दंड धरला, परक्या म्हातारीचा धरावा तसा, बेतानं. आई चालायला लागली. पाय चांगलेच आखडले होते, पण ती हूं की चूं करत नव्हती.

"कशी माणसं असतात एकेक!" टोपीवाली वाटभर बोलत होती. "आईला असं उन्हात सोडून कुठं उंडारतायत कोण जाणे. समोर आली तर चांगली खडसावणार आहे मी."

"तशी नाहीत हो ती," आई म्हणाली. "कामाची माणसं. एखाद दिवस मजा करतात, करू दे की."

कचेरीच्या खिडकीपुढे खरंच रांग होती. टोपीवालीनं लेकीला पुढे ढकललं. "यांच्याकडे पास आहे हो!" खिडकीतल्या माणसानं मानही वर केली नाही. "इथं पास चालत नाही. मागून या."

तिघी मागे जाऊन उभ्या राहिल्या. आईनं सवयीनं पुढच्या माणसाला विचारलं, "तुमचं कोण हरवलंय?" त्याचा मुलगा हरवला होता. आईनं त्याला धीर दिला, मुलगा केवढा, शर्ट कोणता, सगळं विचारून घेतलं. लेक बाजूला उभी होती. ती पट्टा बाहीखाली सारत होती, पण तो जात नव्हता. आईचं वजन हळूहळू तिच्या हातावर येत होतं. दिवसभर उभी राहिलेली बाई आता टेकत होती, आणि तरीही नजर समोर ठेवून होती, चुकून लेकीकडे बघितलं जाऊ नये म्हणून. लेकीला स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती.

पुढच्या माणसाचा मुलगा सापडला, त्याला घेऊन तो माणूस रडत रडत निघून गेला. खिडकीतल्या माणसानं माइक हातात घेतला.

"बोला. कोणाला पुकारायचं?"

"या आजींच्या मुलीला," टोपीवाली म्हणाली. "आजी, नाव सांगा मुलीचं."

आईनं माइककडे बघितलं. नाव सांगितलं असतं तर ते साऱ्या पार्कात वाजलं असतं, खाण्याच्या टपऱ्यांवर, फोटोच्या दुकानात, नणंदेच्या कानावर.

"आठवत नाही," आई म्हणाली.

टोपीवालीनं कपाळाला हात लावला. खिडकीतला माणूस नरमला. "घाबरू नका आजी, आठवून सांगा. कोणाला बोलवायचंय?"

"मला," लेक म्हणाली.

"तुम्हाला?"

"मलाच. मी हिची मुलगी आहे."

टोपीवालीचा हात कपाळावरच राहिला. तिनं लेकीकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, मग खांद्यावरची पिशवी काढून लेकीच्या पायाशी ठेवली. खडसावणार म्हणाली होती, पण एक शब्द बोलली नाही. आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेली.

"कशाला बोललीस?" आई दबक्या आवाजात कडाडली. ती खरोखर चिडली होती, आणि तिचे डोळे भरले होते. "एवढी चांगली बाई. तिनं माझ्यासाठी आपली पाळी सोडली. आता म्हणेल, म्हातारी खोटारडी निघाली."