दुसऱ्यांदा विचारतील म्हणून

गाथोनी न्येरीची. न्येरीच्या डोंगरातल्या माणसांचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. हवं तर हवं, नको तर नको, आणि राग आला तर तोही तिथल्या तिथे, गरमागरम. अशी बाई सीमेपलीकडून आमच्या म्वांझाच्या मासळी-कारखान्यात व्यवस्थापक होऊन आली. आमच्या सरोवराकाठी मीठ आणायला गेलेला माणूसही आधी दुकानदाराच्या सासूची तब्येत विचारतो. गाथोनीला वाटायचं, ही सगळी ताकाला जाऊन भांडं लपवणारी मंडळी.

नवऱ्यानं केव्हाच दुसरा संसार थाटला होता. लेक वाइरिमू न्येरीला आजीपाशी. कारखान्याची मुख्य कचेरी तिच्याच देशात, नैरोबीला होती. थोडे दिवस इथे काढायचे, तिकडे बदली मिळवायची आणि लेकीला जवळ घ्यायचं, एवढ्यासाठीच ती आली होती.

आल्या आल्या तिनं एक रविवार गाजवला. मासळीचा जादा माल येणार होता. शुक्रवारी दारातच उभी राहून तिनं सगळ्यांना सांगितलं, "रविवारी कामावर यायचं. येणार ना?"

"बघू, बॉस. देवाची इच्छा असेल तर," सगळ्यांत वडीलधारे शिजाबाबा हसून म्हणाले. बाकीचेही हसले. गाथोनीनं ते हसणं होकार म्हणून धरलं. रविवारी आले कोण, तर ती, फाटकावरचा राखणदार आणि मासळीचा ट्रक.

सोमवारी ती अशी कडाडली की पत्रे हलले म्हणतात. आणि आमच्या लोकांनी काय करावं? तिचं सांत्वन केलं.

"फार वाईट झालं हो. एकट्याच पडलात."

"उन्हात उभ्या राहिल्या असाल. डोकं दुखतंय का अजून?"

रडावं की हसावं तिला कळेना. शेवटी पॅकिंगवरची मुकादम मिलेंबे तिला आंब्याखाली घेऊन गेली. मिलेंबे वयानं मोठी, अंगानं ऐसपैस आणि तोंडाची गोड.

"शिजाबाबांचा भाऊ गुरुवारी वारला. काल माती होती. सगळे तिकडे होते."

"मग सांगायचं ना तसं."

"सांगितलं की. ‘बघू’ म्हणाले."

"याला सांगणं म्हणतात, मिलेंबेताई?"

"मग चारचौघांत तुम्हाला ‘नाही’ म्हणायचं? तुमची शोभा झाली असती. बरं, तुम्ही म्हाताऱ्याला एकदा तरी विचारलंत का, घरी कसं आहे म्हणून? विचारलं असतंत तर सगळं कळलं असतं."

गाथोनी तापट होती, पण मनाची खरी. ती त्याच दुपारी शिजाबाबांकडे गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून शिकायला लागली. वयानं मोठ्याला आपण होऊन आधी नमस्कार करायचा, मग तो हाताखालचा का असेना. हात हातात घेतला की लगेच सोडायचा नाही. घर, पोरं, पाऊस, गुरं, सगळं विचारून झालं की मग काम, आणि तेही हुकूम म्हणून नाही, मागणं म्हणून. मिलेंबे रोज तिचा धडा तपासायची. "कालचा नमस्कार बरा होता. नुसता भांडायला आल्यासारखा वाटला, एवढंच." गाथोनी हसायची आणि पुन्हा करायची. हळूहळू ते अंगवळणी पडलं. लोक तिच्याकडे येऊन मनातलं बोलू लागले, रविवारीही आपण होऊन येऊ लागले.

आमच्या रीतीप्रमाणे सगळे तिला ‘वाइरिमूची आई’ म्हणायचे. लेकीला इथे कुणी पाहिलं नव्हतं, पण दिवसभर तिचं नाव ऐकू यायचं. आई स्वतः तिला पाहायची नाताळात, तेवढ्यापुरतीच. दर वेळी पोरगी उंच झालेली, दर वेळी थोडी परकी. दिवसातून कितीतरी वेळा आपल्या मुलीचं नाव कानावर पडावं आणि मुलगी जवळ नसावी, हे फार वाईट. गाथोनी ते कुणाला बोलली नाही. संध्याकाळी सरोवरावर गार वारा सुटला की तिला न्येरीची थंडी आठवे आणि जेवण नकोसं होई.

अशी वर्षं गेली, आणि एके सकाळी नैरोबीच्या मुख्य कचेरीतून गिचुरू साहेबांचा फोन आला.

"गाथोनी, इथली जागा रिकामी होतेय. येतेस का?"

याच फोनसाठी तिनं इतकी वर्षं काढली होती. पण तोंडून आलं ते, "आधी सांगा साहेब, घरी सगळे कसे आहेत?"

"बरे आहेत. येतेस का?"

"आईंचे गुडघे?"

"गाथोनी, मला बैठकीला जायचंय."

"तुम्ही आठवण ठेवलीत, यातच सगळं आलं. एवढं मोठं काम मला झेपेल का, कोण जाणे. बघू या, देवाची इच्छा."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमच्याकडे असंच बोलतात. मोठी गोष्ट पुढे आली की झडप घालायची नाही. ते हावरटाचं लक्षण. देणारा दुसऱ्यांदा विचारतो, तेव्हा मान खाली घालून हो म्हणायचं. मिलेंबेनं सगळं ऐकलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "शोभेलसं बोललात. विचारतील परत." त्या रविवारी गाथोनीनं फोनवर लेकीला सांगूनही टाकलं, जानेवारीत शाळा उघडायच्या आत आपण एकत्र.

साहेबांचा फोन आला नाही. कचेरीकडून बातमी आली की किसुमूच्या कुणा ओडुओरला ती जागा दिली.

तिनं साहेबांना फोन लावला. या वेळी तिनं कुणाचेच गुडघे विचारले नाहीत. "साहेब, मी कधी नाही म्हणाले?"

"हो तरी कुठे म्हणालीस? न्येरीची बाई तू. यायचं असतं तर पहिल्या शब्दाला हो म्हणाली असतीस. मला वाटलं, तुझं मन तिकडे रमलंय, आणि तुला तोडून बोलवत नाहीये."

"पुढे कधी जागा निघाली तर?"

"लवकर निघणार नाही. उगाच आशा लावत नाही तुला."

मिलेंबेला हे कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. "मीच बिघडवलं तुम्हाला."

"नाही, ताई. तुम्ही शिकवलंत ते खरंच होतं. कुणाशी कसं बोलायचं, ते माझं शिकायचं राहिलं."

"म्हणजे तुमची शाळा काही सुटत नाही," मिलेंबे म्हणाली, आणि मग दोघी रडल्या.

रविवारी दुपारी वाइरिमूचा फोन आला.

"आई, मग जानेवारीत ना?"

"तू कशी आहेस? आजीचा खोकला?"

"बरा आहे. जानेवारीत ना?"

"आणि गाय व्याली का गं?"

मग पोरगी म्हणाली, "तू गाईवर आलीस म्हणजे नाही."

‘बघू, बाळा’ असं गाथोनीच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. "नाही. येत नाहीये मी. जागा दुसऱ्याला गेली. मला यायचं होतं, फार यायचं होतं, आणि ते मला नीट सांगता आलं नाही."

न्येरीचं पोर, आता कडाडेल, असं तिला वाटलं. कडाडावं, असंच वाटत होतं. पण दर रविवारी फोनवर आईचं बोलणं ऐकत आलेली वाइरिमू सावकाश विचारू लागली, अगदी म्वांझात विचारतात तसं.

"मिलेंबेमावशी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"शिजाबाबा?"

"बरे आहेत."

"पाऊस झाला तिकडे?"

"झाला. चांगला झाला."

"आणि तू, आई? तू कशी आहेस?"

या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं, बरी आहे. लहान पोरालाही ते येतं. गाथोनीला ते देता आलं नाही.