हाताखालच्या चार रेघा

"आजबी हेच खुर्ची? बाकीच्या का चावतात तुमाले?" प्रेमलाबाई पुटपुटल्या. गोपाळरावांनी लक्ष दिलं नाही. मला मात्र लागलं, कारण ती खुर्ची मीच.

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. खामगावच्या एका टॉकीजमध्ये शेवटच्या रांगेत, कडेला असते. माझे हात सागवानी, पोटात इथल्याच जिनिंग कारखान्यातला कापूस. नवी होते तेव्हा लोक रुमाल टाकून मला धरून ठेवत. आता एक स्प्रिंग वर आली आहे आणि कापूस फक्त उंदरांना आवडतो. चला, कुणाला तरी आवडतो.

त्या आठवड्यात एका म्हाताऱ्या गुप्तहेराचा पिच्चर लागला होता. खुनी शोधता शोधता त्याची स्वतःचीच आठवण विरत जाते. प्रेक्षक मोजकेच. पण निवृत्त पोलीस जमादार गोपाळराव बायकोला, प्रेमलाबाईंना, घेऊन रोज येत. एकदा पाहिलेला चेहरा वीस वर्षांनी भरबाजारात ओळखणारा माणूस, असा त्यांचा लौकिक. आता ते रोज चौकातलं पोस्टर पाहून म्हणत, "प्रेमला, नवा पिच्चर लागला व. चाल." आणि ती माउली रोज नव्यानं तयार होई.

मध्यंतर झालं की ते माझ्या हातावर थाप मारत. "खून कंपाउंडरनं केला. पाहाय तू!"

"अगाई! कसं ओयखता हो तुमी?" प्रेमलाबाईंचं नवल रोज ताजं.

दारावरचे वहाबभाई म्हणत, "जमादारसाहेब, तुमच्यापुढं फिल्लमवाल्याचंबी चालत नाही."

गोपाळराव खुलत. तेवढा वेळ ते पूर्वीचे जमादार असत. तेवढ्यासाठीच तर प्रेमलाबाई आणि वहाबभाईंचं हे सोंग होतं.

मग ते खिशातून किल्ली काढत. नोकरीत गुन्हा उकलला की काठीवर एक रेघ ओढायची, ही त्यांची जुनी सवय. आता काठी नव्हती, म्हणून माझ्या हाताच्या खालच्या अंगाला ओढत. किल्लीचं टोक तुटकं, त्यामुळे रेघ दुहेरी उमटे. चार दिवसांत चार रेघा. मला दुखलं. पण मला तोंड नाही, आणि असतं तरी मी काय सांगितलं असतं?

पाचव्या दिवशी किल्ली टेकली आणि हात थांबला. बोटं एकेका रेघेवरून फिरली. ते वाकले. किल्लीचं तुटकं टोक त्यांनी पहिल्या रेघेत ठेवलं. बरोबर बसलं. दुसरीत. तिथंही बसलं.

"वहाब, इथं कोण बसते बे?"

"कोनी नाही, साहेब. तुमीच रोज..." वहाबभाईंनी जीभ चावली.

"पिच्चर सुरू होऊन राह्यला, पाहा नं तिकडं," प्रेमलाबाई घाईनं म्हणाल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा त्यांच्यावरून हात फिरवा. त्यांच्या अंगावर कुणाचे तरी दिवस कोरलेले असतात. आणि घरातल्या जुन्या माणसांवरूनही फिरवा. ती तर बोलतातसुद्धा.

गोपाळरावांनी किल्ली खिशात टाकली आणि प्रेमलाबाईंचा हात माझ्या हातावर ओढून घेतला.

"मी सारं इसरून राह्यलो, प्रेमला," ते म्हणाले. "आन् तुले हे कवाचं मालूम हाय."