माफ नव्हे, रद्द

क्लचबाईंचं खरं नाव त्यांच्या शिकवणीच्या पाटीवर ठळक लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. ‘क्लच सावकाश सोडा, क्लच सावकाश’ असं म्हणत म्हणत त्यांनी इतक्या वर्षांत अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती, आणि त्या अर्ध्या शहराने त्यांचं बारसं परस्पर उरकून टाकलं होतं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. नावात काय ठेवलंय, गाडी सरळ चालली म्हणजे झालं, असा त्यांचा रोखठोक हिशेब.

त्यांची धाकटी बहीण जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसली, तेव्हा बाई शनिवारी सकाळी तिच्याकडे राहायला गेल्या. गाडी त्यांनी तिच्या इमारतीसमोर लावली, नेहमी लावायच्या तिथेच, फुटपाथला लागून. रविवारी दिवसभर बहिणीचं अंग पुसणं, केस धुणं, पाठीला उशा लावणं आणि वर तिची बोलणी खाणं, यात बाईंना खिडकीबाहेर डोकवायला फुरसत मिळाली नाही. रस्त्यावर कसलं तरी यंत्र घरघरत होतं खरं. बहीण म्हणाली, खिडकी लाव ताई, रंगाचा वास येतोय. बाईंनी खिडकी लावली.

सोमवारी सकाळी त्या खाली उतरल्या तर वायपरखाली दंडाची पावती. ‘वाहने उभी करण्यास मनाई असलेल्या पट्ट्यावर वाहन उभे केले.’ बाईंनी खाली पाहिलं. फुटपाथच्या कडेने कोराकरकरीत पिवळा पट्टा लांबून येत होता, त्यांच्या मागच्या बंपरशी येऊन थांबत होता, आणि पुढच्या बंपरपासून पुन्हा निघून थेट कोपऱ्यापर्यंत जात होता. मध्ये बरोबर एका गाडीपुरता रस्ता काळाच्या काळा. रंगवणारे आले, गाडी दिसली, गाडी टाळून रंगवून गेले. आणि त्यांच्यामागून पावती लावणारा आला.

बाईंना आधी हसूच आलं. पिशव्या घेऊन चाललेली एक बाई थांबली, तिने पट्ट्याकडे पाहिलं, पावतीकडे पाहिलं, आणि तीही हसली. पण आठची शिकवणी होती. बाईंनी पावती पर्समध्ये कोंबली आणि गाडी काढली. राग आला तो पुढच्या सिग्नलला, आणि मग दिवसभर उतरला नाही. त्या दिवशी ज्यांची शिकवणी होती त्यांनी क्लच फार म्हणजे फारच सावकाश सोडला.

संध्याकाळी त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं आणि ‘कटकट नको’ हे त्यांचं सर्वात आवडतं औषध. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“फोटो काढलास?”

डोकं तापलं की हात चालत नाहीत, हे त्या शिकणाऱ्यांना रोज सांगायच्या. फोन पर्समध्येच होता.

मग नवऱ्याने त्यांना व्यवहार समजावला. दंड मुदतीत भरला तर निम्मा. हरकत घेऊन हरलं तर दुप्पट. वर सुनावणीत एक दिवस जाणार तो वेगळा. आणि पुरावा म्हणावा तर काहीच नाही. मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, दुकानात बायकोची रक्तदाबाची औषधं न्यायला येणारे एक गृहस्थ त्याच वाहतूक कार्यालयात आहेत. नुसता एक फोन करायचा. पावती कुठे गेली ते कुणाला कळणारही नाही.

“आणि मग ते दुकानात आले की तुम्ही उठून उभं राहायचं,” बाई म्हणाल्या. “अहो, मी चूक केली असती तर मी स्वतः वशिला शोधला असता. केलीच नाही, तर उपकार कशाबद्दल घेऊ?”

“बरं, मग लढ. आणि हरलीस तर? गाडी शिकवणाऱ्या बाईलाच गाडी लावता येत नाही, असा बभ्रा होईल. चालेल?”

हे मात्र वर्मी लागलं. लोकांनी आपल्या पोरीबाळी त्यांच्या हाती सोपवल्या होत्या त्या कशाच्या भरवशावर? तिकडे बहिणीचा फोन आला, की माझ्यामुळे झालं ताई, तो दंड मीच भरते, विषय संपव. ‘बघू’ म्हणून बाईंनी फोन ठेवला. खरं तर त्यांचं मन तेव्हा अर्धं इकडे अर्धं तिकडे होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी कुठे उंबरे झिजवायचे, असं त्यांनाही वाटत होतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या फोटो काढायला म्हणून बहिणीच्या रस्त्यावर गेल्या. आणि पाहतात तो काय, पट्टा सलग. मधली काळी जागा गायब. कालपर्यंत जिथे त्यांचा खरेपणा धडधडीत दिसत होता, तिथे कुणीतरी पिवळा हात फिरवून टाकला होता.

बाई तिथेच फुटपाथवर उभ्या राहिल्या. चूक करायची, ती चूक दुसऱ्याच्या काचेवर चिकटवायची, आणि मग हळूच खालून पुसून घ्यायची. दंड भरायचा की नाही, हा प्रश्न त्या क्षणी निकालात निघाला. आता दंड दुप्पट झाला असता, चौपट झाला असता, तरी त्या मागे हटणार नव्हत्या.

पुढच्याच गल्लीत रंगाचं यंत्र सापडलं. ते ढकलणारा माणूस साठीकडे झुकलेला, गुडघ्यापर्यंत पिवळा. बाईंनी त्याला काय ते विचारलं. त्याने आधी मुकादम कुठे आहे ते पाहिलं आणि मग कबूल केलं, की पट्टा त्यानेच मारला होता. मालक सापडेपर्यंत थांबू नकोस, गाडी सोडून पुढे जा, असं वरून सांगितलं होतं. आणि काल दुपारी राहिलेला तुकडा भरून घे, असंही वरूनच सांगितलं.

“काका, सुनावणीत एवढंच सांगाल?”

त्याने मान हलवली. “बाई, मी रोजावर आहे. खोटं तर मी बोलणार नाही. पण मला तिथे उभं करू नका.”

बाईंनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “नाही करत. तुम्ही मला भेटलाच नाहीत.”

सुनावणी एका लांबट खोलीत होती. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई बसल्या होत्या. बोलणं गोड, डोळे मात्र थकलेले. सकाळपासून त्यांनी शंभर सबबी ऐकल्या असाव्यात. क्लचबाईंनी घडलं ते सांगितलं. अधिकारी बाईंनी फाइलमधला फोटो त्यांच्यापुढे सरकवला. त्यात गाडीचा नंबर स्वच्छ दिसत होता, गाडीच्या पुढचा पट्टाही दिसत होता. गाडीच्या खाली काय होतं, ते दिसत नव्हतं.

“मधली जागा नंतर भरली, असं तुम्ही म्हणता. हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ते मी सांगणार नाही.”

“मग मी विश्वास कशावर ठेवू?”

“माझ्यावर ठेवू नका,” क्लचबाई म्हणाल्या. “रस्त्यावर ठेवा. चला, बघून घ्या.”

तशी पद्धत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. पद्धत नसेल तर तसं लिहून द्या, बाई म्हणाल्या. हरकत घेणाऱ्याने जागा पाहायला बोलावलं आणि आम्ही गेलो नाही, एवढंच लिहा. अधिकारी बाईंनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, उद्या सकाळी त्या बाजूला माझं एक काम आहेच. दहा मिनिटं देईन.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. तिरकं ऊन पट्ट्यावर पडलं होतं. लांबून सगळं सलग दिसत होतं, पण जवळ जाऊन वाकलं की कळत होतं: एका तुकड्याचा रंग जाड आणि जास्त चमकणारा होता, आणि त्याच्या दोन्ही टोकांना, जिथे नवा हात जुन्यावर चढला होता, तिथे बोटाला लागेल असा उंचवटा होता. अधिकारी बाईंनी बोट फिरवून पाहिलं. मग त्या उठून म्हणाल्या, “गाडी आणलीय ना? लावून दाखवा. बरोबर या दोन खुणांच्या मध्ये.”

तोवर चार माणसं जमली होती. किराणावाला पायरीवर येऊन उभा राहिला. वर खिडकीत बहीण कुबडी टेकून उभी होती. आणि नेमका त्या दिवशी, पट्ट्याला न जुमानता, मागे एक टेम्पो उभा, पुढे एक मोटार. बाईंना नवऱ्याचं ते बोलणं आठवलं, की हिला गाडी लावता येत नाही असं लोक म्हणतील. त्यांनी आरसा पाहिला, रिव्हर्स टाकला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आल्या तसा क्लच सावकाश सोडला. गाडी एका दमात आत गेली. पुढे-मागे काही करावं लागलं नाही. मागचा बंपर मागच्या खुणेवर, पुढचा पुढच्या.

किराणावाल्याने नुसती शीळ घातली. अधिकारी बाईंनी दोन्ही टोकांचे फोटो काढले. “बरं,” त्या म्हणाल्या. “निकाल घ्यायला परवा या.”

परवा बाई गेल्या तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने हसतमुखाने कागद पुढे केला. अभिनंदन, काही भरायचं नाही, म्हणाला. बाईंनी चष्मा लावला. ‘सदर दंड विशेष बाब म्हणून माफ करण्यात येत आहे.’ त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि कागद परत आत सरकवला.

“हे चुकलंय. माफ नाही, रद्द लिहा.”

“अहो, एकच की ते.”

“एक कसं? माफ करायला मी काय केलं होतं?”

कारकून म्हणाला, संगणकात दोनच वाक्यं आहेत, भरला आणि माफ. तिसरं उमटतच नाही. बाई म्हणाल्या, मग मी बसते. आणि त्या समोरच्या बाकावर बसल्या. मागच्या रांगेतून कुरकुर सुरू झाली. फुकटात सुटली तरी हिचं भागत नाही, असंही कुणी म्हणालं. एक म्हातारबाबा मात्र रांग सोडून शेजारी येऊन बसले आणि आपली पावती दाखवून विचारू लागले, की हरकत घ्यायची तर अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो. बाईंनी त्यांना खिडकी दाखवली. दुपारची शिकवणी फोन करून उद्यावर ढकलली. जेवायची सुट्टी झाली, संपली.

अखेर अधिकारी बाईच बाहेर आल्या. बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे, ते मला ठाऊक आहे. पण ‘चुकीची पावती’ असं लिहिलं की ती लावणाऱ्याला खुलासा द्यावा लागतो. कशाला एखाद्याला गोत्यात आणता?”

हे मात्र विचार करण्यासारखं होतं. बाईंना गुडघ्यापर्यंत पिवळा झालेला तो माणूस आठवला.

“रंगवणाऱ्याला जे सांगितलं ते त्याने केलं,” मग त्या म्हणाल्या. “त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही, आणि कुणी त्याला जाब विचारला तर मी पुन्हा इथे येऊन बसेन. पण पावती लावणारा स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता, पट्टा गाडीला टाळून गेलाय ते. त्याची नोकरी जावी असं मी म्हणत नाही. एकदा खुलासा लिहिताना त्याचे कान गरम झाले, तर पुढच्या वेळी तो खाली वाकून बघेल.”

अधिकारी बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते बाईंना कळलं नाही. अधिकारी बाई उठल्या, खिडकीतून कागद मागून घेतला, छापील ओळीवर आडवी रेघ मारली आणि हाताने लिहिलं: ‘पावती चुकीने देण्यात आली; रद्द.’ खाली सही केली, आणि कारकुनाला म्हणाल्या, शिक्का दोन्हीकडे मार, खोडलंय तिथेसुद्धा.

घरी नवऱ्याने तो कागद उलटसुलट करून पाहिला. फोन केला असता तर पहिल्याच दिवशी झालं असतं, हे त्यांच्या ओठांवर आलं असावं, पण त्यांनी ते गिळलं. तेवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

आठवड्याभराने बाई खोकल्याचं औषध घ्यायला दुकानात शिरल्या, तर नवरोजी काउंटरवर रेलून एका गिऱ्हाइकाला रंगवून रंगवून सांगत होते, की आम्ही तर पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं, लढायचं म्हणजे लढायचं.

“‘आम्ही’ नाही,” बाई गिऱ्हाइकादेखत म्हणाल्या. “‘हिने’ म्हणा.”

गिऱ्हाईक एकदा नवरोजींकडे, एकदा बाईंकडे पाहू लागलं. नवऱ्याने घसा साफ केला आणि कान खाजवत गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या वेळी बरोबर सांगितली.