कोरगुटाची कणगी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. टोपली म्हणू नका, मला राग येतो. टोपली उचलून नेता येते. मी एकदा पडवीत बसले की घरच माझ्याभोवती फिरतं.

मला बांबूच्या कांबींनी विणलं, शेणामातीनं लिंपलं आणि पोटात कोरगुट भाताचं बी भरलं. आमची शेती पेडण्याच्या खाडीकाठची. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की इतर भातं मान टाकतात. कोरगुट मात्र ताठ उभं राहतं. त्याचं गवत गाईला, गाईचं शेण मला आणि शेताला, कोंडा कोंबड्यांना. या घरात फुकट जातं ते फक्त बोलणं. तेही घरधनीण जानकीआजीचं नाही. तिचं बोलणं लागायचं तिथे बरोबर लागतं.

गेल्या वर्षी तिच्या मुलानं, जयरामनं, जास्त पिकेल म्हणून पाकिटातलं बी पेरलं. रोपं वीतभर झाली आणि खेकड्यांनी पोखरलेला बांध फुटला. चार दिवसांत रोपं करपली. जयराम धावत घरी आला.

"आये, कोरगुट आसा मगो कणगीत?"

"आसा तर! कणगी म्हणजे काय तुझी मोटारसायकल, पेट्रोल सरला म्हणून थांबूक?"

माझी छाती फुगली. पण आजीनं माझ्यात हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला तरी दाणा लागला नाही. तेवढ्यात मागच्या अंगणातून धूर आला. तिथे नवी सून सिद्धी उकडे तांदूळ करायला मोठ्या भांड्यात सालासकट भात उकडत होती.

"मांय, उकडे तांदूळ सरले हुते. म्हणून कणगीतलो भात काढलंय."

मित्रांनो, एकदा उकडलेलं भात पोट भरतं, पण पुन्हा कधी रुजत नाही.

"बियाचो भात उकडलंस?" जयराम ओरडला. "आता शेतात काय पेरूचा, पेज?"

"माका कोणी सांगल्यान?" सिद्धीचे डोळे भरले, पण आवाज खाली आला नाही. "डिचोलीत आमच्या दारात खाणीच्या ट्रकांची धूळ पिकता, भात न्हय!"

आता आजीच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मीसुद्धा कांबी आवळल्या. आजी भांड्याशी गेली आणि जाळ ओढून बाहेर काढला.

"ओरडा नको तिच्यार. सांगूचा काम माझा हुता. माका वाटला, कणगी बघून कोणाकय कळतला. गर्व माझो, आणि उकडला बी."

माझ्या तळाशी एका कुणग्यापुरतं, म्हणजे शेताच्या एका लहान तुकड्यापुरतं बी उरलं होतं. ते भिजवलं, मोड आणले आणि सिद्धीनंच बांधालगतच्या कुणग्यात पेरलं. बाकीची शेती पडीक राहिली. त्या वर्षी आमच्या घरानं विकतचा तांदूळ खाल्ला. कोरगुट पिकलं, पण त्यातला एक दाणाही आजीनं चुलीजवळ नेऊ दिला नाही. सगळं माझ्या पोटात आलं. लिंपताना सिद्धीचे हात कोपरापर्यंत शेणानं माखले होते. आजी शेजारी बसून एकेक गोष्ट दाखवत होती: राख किती, कडुनिंबाचा पाला कुठे, तोंड कसं बंद करायचं. शेवटी सिद्धीनं खडूनं माझ्यावर "बी" असं लिहिलं.

"लिही, बायो," आजी म्हणाली, "पण तोंडानंय सांग. माका खंय वाचूक येता!"

आता वाडीतली माणसं बी मागायला सिद्धीकडे येतात. तीही ऐटीत देते आणि प्रत्येकाला बजावते, "पेरूचा हां, उकडूचा न्हय!"

माझ्या कांबींना भुंगा लागला आहे. उद्या मी खताच्या खड्ड्यात जाईन आणि कुजून त्याच कुणग्यात पसरेन. त्याचं मला मुळीच दुःख नाही, मिरवायचीच गोष्ट आहे ती. तेव्हा मित्रांनो, बी जपा. पण नुसतं झाकून ठेवू नका, घरात आलेल्या नव्या माणसाचा हात धरून कणगीत घाला आणि आत काय आहे ते सांगा.