तालमीत न बोललेलं वाक्य

सिनेमाचं नाव काढलं की नाटकातली जुनी नटी विनी टॅपली नाक मुरडायची. आता तीच मेरिडिअन थिएटरच्या विंगेत पोशाखवालीचा एप्रन बांधून कॅमेऱ्यासमोर जायची वाट बघत होती. अर्धं लंडन तिला हसत असणार. हसेना का. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की या सिनेमात खून शेवटी कोणाच्या माथी मारणार आहेत.

कारण खून खरा होता. वीसेक वर्षांपूर्वी याच थिएटरात, रंगीत तालमीच्या संध्याकाळी, कंपनीचा मालक आणि नायक हेक्टर लॅम्बर्न आपल्या मेकअपच्या खोलीत मेलेला सापडला. नेपथ्याला आधार द्यायचं लोखंडी वजन कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलं होतं. विनीही त्या नाटकात होती; ते पुढे कधी लागलंच नाही. त्याचं काम दुसऱ्या अंकात संपायचं, त्यामुळे तिसरा अंक चालू असताना तो खोलीत एकटाच होता. त्याच दुपारी विनीचा धाकटा भाऊ ऑब्री त्याच्याशी सगळ्यांदेखत कडाकडा भांडला होता, आणि तिसऱ्या अंकात ऑब्रीलाही काम नव्हतं. पुरावा मिळेना म्हणून पोलिसांनी त्याला सोडलं, खटलाही झाला नाही. पण नाटकवाल्यांनी काही त्याला सोडलं नाही. पुन्हा कोणी त्याला रंगमंचावर उभं केलं नाही. आता तो विनीच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा, आणि पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान न वाचता शेगडीत घालायचा.

सिनेमा त्याच प्रकरणावर होता. लिहिला होता जाइल्स वेदरबीने, म्हणजे त्या वेळच्या नाटकाच्याच लेखकाने. तेव्हाचा लाजरा पोरगा आता चांगला भारदस्त, नावाजलेला माणूस झाला होता. खुनी कोण हे आधी फुटू नये म्हणून सिनेमाची शेवटची पानं दिग्दर्शक क्विल स्वतःच्या कोटाच्या खिशात घेऊन फिरायचा. पण सिनेमात मालकाशी भांडणारा एक तापट नट होता आणि त्याच्या गळ्यात पिवळा मफलर होता. ऑब्रीचा पिवळा मफलर तेव्हा सगळ्या कंपनीत चेष्टेचा विषय असायचा. हा सिनेमा गावोगाव लागला, की उरलेला देशही ऑब्रीला खुनी म्हणणार होता.

त्या सकाळी एक दिवेवाला काम करता करता शिट्टी वाजवू लागला. थिएटरात शिट्टी म्हणजे अपशकुन. विनीने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, दाराबाहेर तीन गिरक्या घ्यायला लावल्या, दार ठोठावायला लावलं आणि मगच आत घेतलं.

"बाई, हा सिनेमा आहे," क्विल वैतागून म्हणाला. "या थिएटरातल्या भुतांना आम्ही कामावर घेतलेलं नाही."

"असू दे, मॉरिस," वेदरबी हसून म्हणाला. "नाटकवाल्यांच्या या खोडी मला पाठ आहेत."

दृश्य चौकशीचं होतं. सिनेमातला इन्स्पेक्टर एकेकाला तू कुठे होतास म्हणून विचारतो. विनीचं काम मागे उभं राहून झग्याला इस्त्री करायचं. लेखकाची भूमिका करणारा नट पुढे आला आणि म्हणाला, "मी वर बाल्कनीत बसलो होतो. तालीम शेवटपर्यंत ऐकली. 'दार उघडंच ठेव, त्याला उशीर होईल,' हे शेवटचं वाक्य झालं, तेव्हा खाली आलो."

विनीची इस्त्री झग्यावरच थांबली. जळका वास सुटला तेव्हा क्विलने "कट" म्हटलं.

"आता काय झालं, मिस टॅपली?"

"हे चुकलंय," ती म्हणाली. "तालमीत शेवटचं वाक्य कोणी बोलत नाही. समोर प्रेक्षक नसताना नाटक पुरं करायचं नसतं. वाईट असतं ते."

क्विलने सुस्कारा टाकला. "जाइल्स, बदलायचं का?"

"मुळीच नाही," वेदरबी म्हणाला. "सगळा सिनेमा मनचा असेल, पण हे खरं आहे. त्या संध्याकाळी मी पोलिसांना शब्दशः हेच सांगितलं होतं. विचारा पोकॉकसाहेबांना."

निवृत्त इन्स्पेक्टर पोकॉक पहिल्या रांगेत चहात बन बुडवून खात बसले होते. हे प्रकरण त्यांचंच, म्हणून सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं होतं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच जबाब घेतला, दार लावून. तालीम शेवटपर्यंत झाली का, हेही नटांना विचारलं. सगळे हो म्हणाले."

"हो म्हणणारच," विनी म्हणाली. "आमच्या लेखी झालीच होती. शेवटचं वाक्य म्हणून काय बोललं गेलं, हे आम्हाला कोणी विचारलंच नाही. आणि याने काय सांगितलंय, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?" ती वेदरबीकडे वळली. "जाइल्स, ते वाक्य कोणाच्या तोंडी होतं, आठवतं का?"

वेदरबीने क्विलकडे पाहिलं.

"माझ्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं शेवटचं वाक्य. रीत अशी, की त्या जागी काहीतरी वेडंवाकडं बोलायचं. मी खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, 'बटाटे उकडले, चला जेवायला.' प्रॉम्प्टरसकट सगळे खो खो हसले. तू वर बसला असतास, तर तुला बटाटे ऐकू आले असते."

"इतकी वर्षं झाली," वेदरबी म्हणाला. "मी लिहिलेलंच डोक्यात राहिलं असेल."

पोकॉकनी हातातला बन बशीत ठेवला. "इतक्या वर्षांनी नाही, साहेब. मला तुम्ही त्याच संध्याकाळी सांगितलंत."

वेदरबीचा चेहरा उतरला, आणि त्यामागून तो जुना लाजरा, दुखावलेला पोरगा दिसू लागला. "माझं नाटक," तो म्हणाला. "त्याने जाहिरातीवर माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव लेखक म्हणून घातलं. आणि मला एकाही तालमीला बसू दिलं नाही. एकाही. मला काय माहीत, तुम्ही बटाटे म्हणता ते?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यालाही कळलं. पोकॉक उठून त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. क्विलने न सांगताच खिशातली पानं काढून विनीच्या हातात दिली. शेवटच्या पानावर पिवळ्या मफलरवाल्याला बेड्या पडत होत्या. विनीने ती पानं इस्त्रीच्या टेबलावर पालथी घातली.

मग ती मागच्या दाराशी असलेल्या दरवानाच्या खोलीत गेली आणि तिने घराखालच्या तंबाखूच्या दुकानात फोन लावून ऑब्रीला बोलावून घेतलं.

"पोकॉकना तुझा जबाब नव्याने हवाय. मेरिडिअनला ये."

"त्या जागी मी पाऊल ठेवणार नाही, विनी. तुला माहीत आहे."

तिने त्याला सगळं सांगितलं, बटाट्यांसकट. पलीकडे दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता, तेवढंच काय ते कानावर पडत होतं.

"माझा मफलर कुठाय?" शेवटी ऑब्रीने विचारलं.

"माझ्या पेटीत. तळाशी."

"कसर लागली असेल."

"लागली असली तरी घालून ये."

फोन ठेवून ती बाहेर आली, तेव्हा शूटिंग आटपलं म्हणून दरवान मागच्या दाराला कडी घालत होता. आपला भाऊ आता जिना चढून पेटी उपसणार, बस शोधणार आणि कोपऱ्यावर येऊन चारदा माघारी फिरायला बघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"दार उघडंच ठेव," ती दरवानाला म्हणाली. "त्याला उशीर होईल."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की हे वाक्य तिने आजवर कोणासमोर कधी म्हटलंच नव्हतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि एप्रन तोंडाला लावून रडली. दरवानाने कडी काढली आणि दाराला अडसर म्हणून आपलं स्टूल लावून ठेवलं.