चेंबरखालची काहील

आमच्या लालासाहेबकाकांनी फौजेत उभी उमर जीप चालवली, पण शेजारी कायम कुणीतरी साहेब. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी जीप घेतली, ती मनुकाकूंना शेजारी बसवायला.

काकूंचं माहेर वडूजजवळ. डांबरी रस्ता आहे, पण लांबचा. आणि काका फौजी, त्यांना डोंगरातली धोंड्यांची वाटच हवी. दोनदा इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं, दोन्हीदा काकू माळावर उन्हात बसल्या. शेवटी म्हणाल्या, "आवं, आता परत तरास झाला, तर ह्या डबड्यात मी जलमात बसणार न्हाई. यष्टी बरी."

काका हबकले. चेंबर झाकायला जाड पत्रा हवा होता. परड्यात बंद गुऱ्हाळाची, रस आटवायची काहील पडली होती. कोरेगावच्या यासीन वेल्डरनं तिचा तुकडा कापला.

"काका, धुवून घिऊया का? गूळ चिकाटलाय."

"गूळच हाय रं, शेण न्हवं. बसीव!"

काकूंच्या भावाच्या नातवाच्या बारशाला आम्ही निघालो. मी मागं. धोंडे खालून खणाखण आदळले, चेंबरला ओरखडा नाही. दर दणक्याला काका काकूंकडं बघून मिशीत हसत. इंजिन तापलं तसा गुळाचा घमघमाट सुटला. काकूही खूश होत्या.

बारसं होईस्तोवर जीप लिंबाखाली उभी होती. परत निघालो आणि वडूजच्या अलीकडंच काकू किंचाळल्या. वितळलेल्या गुळावर गावातल्या झाडून सगळ्या मुंग्या चढल्या होत्या, आणि आता काकूंच्या नव्या साडीत शिरल्या होत्या.

"पण चेंबर फुटलं न्हाई की!" काका म्हणाले.

"मग चेंबरालाच न्या घरला!"

काकू स्टँडवर उतरून यष्टीत बसल्या.

काका डोंगरातून परतले, तेही जीप रांगत चालवत. मला हसू येत होतं, पण त्यांचं तोंड बघून आवरलं. शेजारची सीट रिकामी होती, तरी पुढं जाऊन बसायची माझी छाती झाली नाही.

घरी आलो तर काकू आधीच पोचलेल्या. पदर खोचून अंगणातल्या चुलीवर हंडाभर पाणी उकळत होत्या.

"काहील खोला," त्या म्हणाल्या. "गुऱ्हाळवाल्याची लेक हाय मी. न धुता काहील कुणी जाळावर ठिवतंय व्हय?"

काका पान्हा घेऊन इतक्या घाईनं जीपखाली शिरले की टाळकं आपटलं.

"आवं, दमानं! ऐतवारी परत भावाकडं जायचंय. यष्टीत मेली खिडकी मिळत न्हाई."